दोन बोटं माया

"साडेअकरा म्हटलं होतं मी," मास्तर जिन्यातूनच कडाडली. "साडेअकरा म्हणजे साडेअकरा. पावणेदहा कुणी ठरवलं?"

वर ट्रायलच्या खोलीत सगळे आधीच जमले होते. दादा खिडकीपाशी, वहिनी गळ्यात टेप अडकवून, आई तिच्या ठरलेल्या खुर्चीत, आणि मोठ्या आरशासमोर कच्च्या टाक्यांतला काळा कोट घालून उभी असलेली पुतणी. म्हणजे तिला सोडून सगळं ठरलं होतं. अकरा वर्षांच्या दुखण्याने मास्तरला एक गोष्ट पक्की शिकवली होती. आजारी माणसाला वगळून जे ठरतं, ते नेहमी त्याच्या भल्यासाठीच असतं.

"अगं, पोरीला नंतर जायचंय कुठेतरी," दादा म्हणाला.

"मला कुठे जायचंय?" पुतणीने आरशातूनच विचारलं.

दादाने लेकीकडे असं बघितलं की दुसरी एखादी गप्प बसली असती. पण ही सोमवारी पहिल्यांदा कोर्टात उभी राहणार होती, त्यामुळे हल्ली कुणाच्याच डोळ्यांना घाबरत नव्हती.

"तू बस आधी," दादा बहिणीला म्हणाला. "स्ट्रेस घेऊ नकोस. त्यानेच वाढतं असं म्हणालेत ना डॉक्टर?"

"मी घेते होय? तुम्ही घरपोच आणून देता."

ती बसली नाही. दोन्ही हात एप्रनच्या खिशांत होते. असे खोल खिसे तिने मुद्दाम कापून घेतले होते. सकाळी तिची बोटं मिटलेली असायची, साडेअकराच्या सुमाराला कामापुरती उघडायची. तोपर्यंत ती हात कुणाला दाखवायची नाही, आणि कुणी विचारलंच तर "बरंय" एवढंच म्हणायची. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. म्हणूनच आजचं पावणेदहा तिला खटकत होतं.

या दुकानात कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणतात. अण्णा होते तोवर मास्तर ते. त्यांच्या पश्चात कात्री मुलीकडे आली, तेव्हा कामगारांनी तिला मास्तरीणबाई म्हणून पाहिलं. "मास्तरीण म्हणजे मास्तरची बायको. मी कुणाचीही बायको नाही," असं तिने एकदाच सुनावलं आणि विषय मिटला. घरातल्या प्रत्येकाचा पहिला कोट मास्तरने कापायचा, हा रिवाज अण्णांचा. पुतणीचा हा पहिला कोट होता.

"हात वर कर," मास्तर म्हणाली. "आता पुढे घे. पाठीत ओढतोय."

"परीक्षेच्या नादात खाणं वाढलं, आत्या."

"दिसतंय. बाजूची शिवण सोडू थोडी. ब्लेड घे, उसव."

"मी बघते ना, वन्सं," वहिनी एकदम पुढे झाली. "तुम्ही कशाला..."

"मी काही करतच नाहीये. ती करतेय. तू थांब."

पुतणीने कोट उतरवला, उलटा केला आणि शिवण उसवली. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. माणूस अंगाने भरला तर तेवढीच कामाला येते. कुणी किती माया सोडायची याबद्दलही अण्णांचा नियम होता. कापणारा ठरवेल, दुसऱ्याने त्यात बोलायचं नाही. अण्णा स्वतः अर्धं बोट सोडायचे. मास्तर एक बोट सोडायची, आज सव्वीस वर्षं.

"किती आहे?" तिने विचारलं. "बोट लावून बघ."

पुतणीने बोट लावलं. मग शेजारी दुसरं लावलं.

"दोन. अगदी बरोबर दोन."

मास्तर वाकली. खडूची रेघ आणि कापडाची कड तिने नीट न्याहाळली.

"ही माझी कात्री नाही," ती म्हणाली. "मी एवढी माया कधीच सोडत नाही. हा कोट कुणी कापला?"

"अगं, सगळेच नाही गं," दादा घाईघाईने म्हणाला, "नाजूक कापडाचे तेवढेच..."

तोंडातून गेलं आणि त्याच क्षणी त्याला कळलं की आपल्याला कुणी तेवढं विचारलंच नव्हतं.

दादा लबाड नव्हता. लबाड असता तर निदान नीट खोटं बोलला असता. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने कोट परत आणला होता. कॉलर एका बाजूने खाली उतरलेली, कड दातेरी. दादाने तो काउंटरखाली सरकवला, माफी मागितली आणि बायकोला एवढंच म्हणाला, "जरा सारखं करून दे, तिला कळू देऊ नकोस." मग पुढचाही तसाच आला. मग कोट शिवायला टाकण्याआधीच वहिनीकडे जायला लागला. दादाने स्वतःची समजूत घातली होती की हे प्रेम आहे. बहिणीचा हात कात्रीच्या कडीत अडकून थरथरायचा, तेव्हा त्याला बघवायचं नाही, आणि तो बिलं लिहायच्या निमित्ताने खाली निघून जायचा. हे मात्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

"कधीपासून?" मास्तरने विचारलं.

"झाली असतील... दोनेक वर्षं."

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

आई चष्मा पुसायला लागली.

"आई?"

"मला हल्ली कमी ऐकू येतं."

"ऐकलंस का असं नाही विचारलं. बघितलंस का?"

"मला यातलं काहीही माहीत नव्हतं," पुतणी म्हणाली आणि मुकाट्याने आत्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. "बाबा, दोन वर्षं? दोन वर्षं तुम्ही रोज जेवायच्या टेबलावर 'मास्तर, काय कापलंयस आज!' म्हणत होता?"

"तुला नाही कळायचं ते."

"मग कळेल असं सांगा ना."

"तिला वाईट वाटू नये म्हणून!" दादाचा आवाज चढला. "काय चुकलं माझं? तिच्या हातातून कात्री काढून घ्यायला हवी होती का? तसं केलं असतं तर चाललं असतं? ती कात्री म्हणजे तिचा जीव आहे. तो मी सांभाळला!"

"तू काय सांभाळलंस ते सांगू?" मास्तर म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता आणि दादाला त्याचीच जास्त भीती वाटली. "दर तीन महिन्यांनी मी डॉक्टरांकडे जाते. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. काम जमतंय का? मी म्हणते, जमतंय. कापते, कोट बसतो, गिऱ्हाईक नावाजतं. मग ते म्हणतात, छान, म्हणजे औषध लागू पडतंय, डोस आहे तोच ठेवू. दोन वर्षं, दादा. दोन वर्षं मी तुझ्या बायकोच्या हातांचा हवाला देऊन माझ्या हातांचं औषध घेतेय."

दादाचा चेहरा पडला.

"रात्री हातांत ठणका लागायचा तर मी स्वतःलाच बोल लावायची. काम तर झकास होतंय, मग ही नाटकं कसली, असं म्हणायची. दुखण्यावरचा विश्वास उडवलास माझा. आणि या सांध्यांत एकदा जे वाकडं झालं ते पुन्हा सरळ होत नाही. ठाऊक आहे ना? का तेही मला वाईट वाटू नये म्हणून विसरलास?"

"मला खरंच... हे सुचलंच नाही गं."

"सुचणार कसं? विचारायचं असतं. मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. पण मला विचारायचं सोडून तुम्ही सगळं करता. गाद्या बदलता, पथ्यं शोधता, पावणेदहाला ट्रायल लावता, म्हणजे हात उघडायच्या आत सगळं उरकेल आणि मी कोटाला हात लावणार नाही. वहिनी, तूसुद्धा? तुला तरी..."

"तिला एकटीला बोलू नकोस," आई म्हणाली.

सगळे वळले. आईने चष्मा डोळ्यांवर चढवला होता आणि आता तिला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"एकोणीस वर्षांची होतीस. यांचे डोळे जायला लागले. यांनी कापलेलं कापड तू बाजूला सारायचीस, नवं कापड घेऊन पुन्हा कापायचीस. कापायला तिथेच शिकलीस तू. मग तुझ्या वेळी ती माया होती, आणि हिने केलं की पाप?"

"ते वेगळं होतं."

"वेगळं कसलं डोंबलाचं?"

"अण्णांना कळलं नव्हतं!" मास्तर ओरडली. "ते शेवटपर्यंत समाधानात होते. मी त्यांना तेवढं तरी..."

"पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

आईने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. सव्वीस वर्षं ती हे पोटात घेऊन वावरली होती, आणि आत्ता बाहेर काढताना तिला हलकं वाटलं नाही, उलट नवऱ्याचा राग आला. दोन माणसांचं गुपित सांभाळत तिचा जन्म गेला होता, आणि तिला स्वतःला बोलायला कुणी उरलंच नव्हतं.

"डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटांना कळत होतं. शिवण चाचपली आणि मला म्हणाले, बोटभर माया आहे हिच्यात, माझी नाही ही, पोरीची आहे. मी म्हटलं, बोला तिच्याशी. तर म्हणाले, तिला वाटतंय मला कळत नाही, वाटू दे. त्यानंतर दोन वर्षं रोज सकाळी कात्री घेऊन उभे राहायचे. ठाऊक होतं की आपण कापलेलं केराच्या टोपलीत जाणार आहे, तरी कापायचे. समाधान म्हणे! मी बघितलंय ते समाधान."

मास्तर खाली बसली. तिला अण्णांची कीव आली नाही, रडूही आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली, एवढंच झालं.

"मग का नाही बोलले? का गिळलं त्यांनी? मी नाही गिळणार. ऐकताय का सगळे? त्यांनी गिळलं म्हणून मला तोच शिरस्ता पाळायला लावू नका."

"झालं तुमचं बोलून?" वहिनीने विचारलं.

इतका वेळ ती भिंतीला टेकून उभी होती. तिने गळ्यातला टेप काढला आणि टेबलावर फेकला. या घरात येऊन चोवीस वर्षं झाली होती, त्यांतली बरीचशी शिलाईच्या यंत्रामागे गेली होती. ती चिडते तेव्हा कशी दिसते हे तिच्या लेकीलासुद्धा नीट माहीत नव्हतं.

"तुमचा राग खरा आहे, वन्सं. डॉक्टरांचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. पण आता माझंही ऐका. तुम्ही दुपारी जेवून पडता तो दीड तास मी कापते. रोज. कडा सारख्या करते, कॉलर जुळवते, जिथे जमतच नाही तिथे नवं कापड घेते. तुम्ही उठायच्या आत कपटे उचलते, खडू होता तिथे ठेवते. आणि आतल्या खिशावर तुमचे दोन निळे टाके असतात ना, मास्तरची खूण, ते मी घालते. माझ्या कामावर, माझ्या हाताने, तुमचं नाव. तुम्हाला कोट कुणी कापला ते कळलं नाही म्हणून राग आलाय. मी कापला हे कुणालाच कळलं नाही, त्याचा मला आलाय. कधीतरी कुणी विचारलं का की तुला कापायला आवडतं का?"

"आवडतं?" दादाने दचकून विचारलं.

"तुम्ही गप्प बसा हो."

या खोलीत आता आपल्या बाजूने कुणीच नाही, हे दादाच्या लक्षात आलं.

"आणखी एक," वहिनी म्हणाली आणि तिने उसवलेला कोट उचलून मास्तरसमोर धरला. "या कोटाची कॉलर माझी, बाह्या माझ्या, पुढचे भाग माझे. पण जी शिवण तुम्ही उसवलीत ना, तिला मी हातही लावला नव्हता. अख्ख्या कोटात एवढी एकच शिवण तुमची आहे."

"शक्यच नाही. ही दोन बोटं माया आहे."

"पोरीची दोन बोटं. तुमचं लावा की."

मास्तरचे हात खिशांतच राहिले.

"लावा ना, वन्सं. मी कधीपासून बघतेय. तुमची माया दर वर्षी वाढतेय. तुम्ही बोट ठेवून खडू मारता आणि तुम्हाला वाटतं एक बोट म्हणजे एक बोट. त्या जादा कापडावरच तर भागवत आले मी. तुमची माया जुन्या मापाची असती तर सारखं करायला जागाच उरली नसती."

मग मास्तरने उजवा हात बाहेर काढला. मूठ अर्धी मिटलेली होती. तर्जनी तेवढी जराशी बाहेर आली, मधल्या पेरावर टम्म सुजलेली आणि लाल. ती तिने डाव्या हाताने धरून शिवणीवर टेकवली. खडूच्या रेघेपासून कापडाच्या कडेपर्यंत एक बोट बसलं. बरोबर एक.

पुतणीने तोंडावर हात घेतला. दादा खिडकीबाहेर बघायला लागला.

"इकडे बघ," मास्तर त्याच्यावर खेकसली. "बाहेर काय आहे? इकडे बघ! तुम्हाला हे बघवत नाही, म्हणून तुम्ही कापड बदलत राहिलात. माझ्या वाईट वाटण्याची काळजी नव्हती ती, तुमच्या स्वतःच्या वाटण्याची होती. आता कुणी जागचं हलायचं नाही. साडेअकराला माझे हात उघडतात. साडेअकरापर्यंत बसा आणि कसे उघडतात ते बघा. अकरा वर्षं मी हे न्हाणीघराची कडी लावून करतेय. ए वकीलबाई, खालून गरम पाणी आण. घमेलंभर."

पुतणीने पाणी आणलं. मास्तरने दोन्ही हात घमेल्यात बुडवले आणि पुतणी घमेल्याशेजारी जमिनीवर बसली. तिला वाटत होतं की हात उघडतात म्हणजे पाच-दहा मिनिटांत उघडत असतील. तासभर लागला. आत्या एकेक बोट दुसऱ्या हाताच्या तळव्यावर दाबायची, केसभर सरळ करायची, थांबायची, ओठ दाबून श्वास घ्यायची, पुन्हा दाबायची. पाणी निवलं की म्हणायची, "बदल." पुतणीने तीनदा पाणी बदललं. दुसऱ्या वेळी वहिनी उठली आणि तिच्या हातून घमेलं घेऊ लागली, तेव्हा आत्याने नुसती मान हलवली आणि वहिनी पुन्हा जाऊन बसली. आईने एकदाही नजर हटवली नाही. दादा मात्र मधेच हमसायला लागला.

"रडू नकोस," मास्तर म्हणाली. "रडलास की तुझं सांत्वन करायचं काम माझ्यावर येतं. मला आत्ता वेळ नाही. उद्या डॉक्टरांकडे तू येणार आहेस. दोन वर्षं काय केलंस ते त्यांना तू सांगायचंस, तुझ्या तोंडाने. मी बाजूला बसून ऐकणार आहे."

"सांगतो."

"आणि मी कुणालाही माफ केलेलं नाही. गैरसमज नको."

साडेअकराला पाच कमी असताना तिने हात पुसले आणि कापायच्या टेबलाशी गेली. काळ्या कापडाचा उरलेला तागा अजून तिथेच होता. कोटाची पाठ नव्याने कापायची, असं तिने जाहीर केलं. विचारलं कुणालाच नाही. पुतणीने कापड अंथरलं. मास्तरने खडू घेतला आणि कागदी साच्याभोवती आखलं, मानेपासून कमरेपर्यंत एका दमात. ती रेघ बघून वहिनीने मान डोलावली. तशी रेघ तिला अजून जमत नव्हती आणि हे तिने मनातल्या मनात कबूल केलं.

आतली रेघ शिवणीची. तिच्या बाहेर माया सोडायची आणि कापायचं. पण आज मास्तरने तिथे बोट ठेवून खूण केली नाही. ती नजरेनेच कापायला लागली. अण्णांची मोठी कात्री दोन्ही हातांनी धरून तिने मानेपासून सुरुवात केली. चार बोटं कापड कापलं गेलं, स्वच्छ. पाचव्या बोटाला कडीतला अंगठा सरकला आणि कात्री कापडात रुतली. तिने पुन्हा दाबून बघितलं. अंगठा दबेना. खोलीत सगळ्यांना ते दिसत होतं आणि यावेळी कुणी खाली निघून गेलं नाही.

"धर," मास्तर म्हणाली.

वहिनी जागची हलली नाही. "आज धर आणि उद्या सोड, असं चालणार नाही मला."

"ज्या दिवशी माझे हात चालतील त्या दिवशी मी कापणार. नाही चालले की सांगेन, चारचौघांत सांगेन, की आज नाही. त्या दिवशी तू. आणि तू कापलंस तर खूण तुझी. निळी नाही. रंग तू ठरव. आता धर म्हणते ना!"

वहिनीने कात्री घेतली. जिथे ती रुतली होती तिथून सोडवली आणि सरळ केली.

"बोटभर माया," मास्तर म्हणाली. "एकच."

"दोन."

"मी एक म्हणतेय."

"कापणारा ठरवतो, वन्सं. दुसऱ्याने त्यात बोलायचं नाही."

अण्णांच्या या नियमातला दुसरा माणूस व्हायची पाळी मास्तरवर आजवर कधी आली नव्हती. घमेल्यातल्या तासाभरात लागलं नसेल एवढं तिला हे लागलं. ती वर्मी लागेल असं काहीतरी बोलणार होती, शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण बोलण्याआधी तिने खडूची रेघ बघितली, मग वहिनीची बारीक, सरळ बोटं बघितली.

"दोन कुणाची?" तिने रागानेच विचारलं.

"माझी. म्हणजे तुमचं एकच."

मास्तरने उजवा हात टेबलावर ठेवला. ती सुजलेली, उघडी तर्जनी तिने रेघेला लावून कापडावर टेकवली आणि वरून दुसऱ्या हाताने दाबून धरली, म्हणजे ती थरथरू नये. वहिनीने खडू उचलला आणि बोटाच्या कडेने बाहेरची रेघ सावकाश ओढायला घेतली.

"लवकर ओढ," मास्तर म्हणाली. "दुखतंय."